मूर्तिजापुराहून वेलींच्या गांवीं

मुंबई-पुण्याकडील मंडळी आतां नाशिकच्या द्राक्षमळ्यांत एका दिवसाची सहल करून येतात. वेली पाहाव्या, द्राक्षांचें मद्य चाखावें आणि दिवेलागणीला परतावें, असा त्यांचा बेत असतो. मूर्तिजापूरकराला वेली पाहण्यासाठीं एवढें दूर जाण्याचें कारण नाहीं. त्यानें उत्तरेस अंजनगांव सुर्जीला जावें. तेथील वेल नागवेल आहे, एवढाच काय तो फरक.

मार्गशीर्ष-पौषाचे दिवस धरावे आणि पाण्याचा तांब्या बरोबर घ्यावा. लाखपुरीवरून दर्यापूरकडे जातांना आपण पूर्णेचें खोरें ओलांडतों. हा खारपाणपट्टा. जमीन काळीभोर व खोल, पण विहीर खणली तर पाणी खारें. त्यामुळें पावसावर येईल तेंच पीक. त्यांत कापूस हा राजा.

१८५३ सालीं वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेंतील यादवीनें येथील कापसाला सोन्याचें मोल आणिलें, आणि १८६७ पर्यंत लोहमार्ग मूर्तिजापुरावरून नागपुरास पोंचला. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं मूर्तिजापुराहून एक फांटा यवतमाळास व दुसरा अचलपुरास गेला. किलिक निक्सन या विलायती पेढीच्या मालकीची, अडीच फुटी रुळांची ही आपली शकुंतला. कापसाच्या गांठी हें तिचें खरें काम. उतारू हा वरकड माल. वाटेवरील एका स्थानकाचें नांवच मुळीं कापूसतळणी! अचलपूरचे ७६ किलोमीटर चालावयास ती सुमारें चार तास घेई. १९२१ सालीं मँचेस्टरास बनलेलें वाफेचें इंजिन या मार्गावर १९९४ पर्यंत राबत होतें. पुष्कळ स्थानकांवर नोकर नसत. तिकिटें गार्डच देई. लग्नाच्या वऱ्हाडानेंहि घाई करून उपयोग नसे. गेलीं कांहीं वर्षें ती बंद आहे, म्हणून हा प्रवास आतां सडकेनेंच करावा लागतो. रुंद रूळ घालून ती पुन्हां सुरू करावी अशी मागणी आहे. तसें झालें तर गाडी जलद होईल हें खरें. मग ती कापूसतळणीस थांबेल कीं नाहीं, याची मात्र मला शंका आहे.

सातपुड्याचा पायथा जवळ आला कीं विहिरींचें पाणी गोडें होतें, आणि तेथेंच पानमळे लागतात. मळ्यांत शिरण्यापूर्वीं वहाणा बाहेर काढाव्या. बारी मंडळी मळ्याला देवघराप्रमाणें मानतात. आंत शेवरी, पांगारा, हादगा यांच्या जिवंत आधारांवर वेली चढविलेल्या असतात. कापसाच्या उन्हांतून आलेल्या माणसाचे डोळे तेथील हिरव्या अंधारांत क्षणभर कांहींच ओळखीत नाहींत. शेजारीं औषधी पानपिंपळीहि दिसते. हे मळे कमी होत चालले आहेत. वेल बारमाही पाणी आणि बारमाही माणूस मागते, आणि दोन्ही आतां महाग झालीं आहेत.

दुपारीं शहानूर नदीच्या कांठीं बसावें. ३० डिसेंबर १८०३ रोजीं दौलतराव शिंद्यांच्या वकिलांनीं व वेलस्लीनें जो तह केला, तो याच गांवच्या नांवानें इतिहासांत आहे. गंगा-यमुनेचा दुआब, नगरचा किल्ला, भडोच, सारें त्या कागदानें गेलें. आपल्या मुलांना तहाचीं कलमें पाठ असतात. सुर्जी नदीच्या एका तीरावर व अंजनगांव दुसऱ्या तीरावर, हें मात्र येथें आल्यावांचून कळत नाहीं.

परततांना पानांची जुडी ओल्या फडक्यांत बांधून घ्यावी, आणि तांब्या तेथेंच भरावा.