जुहू ते पवई: युनिक्सच्या वारसांची निवड

जुहूची एनसीएसटी ही सॉफ्टवेअर संशोधन संस्था आणि पवईची आयआयटी. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात अर्नेट या संगणक-जाळ्याच्या प्रकल्पात या दोन संस्थांमध्ये टेलिफोनच्या तारेवरून ई-मेल सुरू झाली. ती वाहून नेणारी यूयूसीपी ही सोय मूळची युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची. म्हणजे इंटरनेट घरोघरी येण्याच्या कितीतरी आधी मुंबईच्या उपनगरांत युनिक्स रुळली होती, पण फक्त संस्थांमध्ये.

घरच्या पीसीवर ती आणायची तर १९९०च्या दशकात दोन फुकट वाटा खुल्या झाल्या. बर्कले विद्यापीठाच्या बीएसडी या युनिक्स-आवृत्तीची घडण जुनी आणि पक्की होती. लिनस टोरवाल्ड्सची युनिक्ससारखी लिनक्स १९९१ची, म्हणजे अगदी कोवळी. पण १९९२ साली एटी अँड टीच्या युनिक्स कंपनीने बीएसडीवर दावा ठोकला. तो १९९४मध्ये मिटेपर्यंत लिनक्स पुढे निघून गेली होती.

आपल्याकडे निवडीचं कारण याहून साधं होतं: हाती काय पडतं? डायल-अपवर अख्खी सिस्टिम उतरवणं म्हणजे वेळ आणि टेलिफोनचं बिल, दोन्हींचा चुराडा. १९९६पासून ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाने अंकासोबत लिनक्सच्या सीडी दिल्या आणि अनेकांचा प्रश्न तिथेच सुटला. बीएसडीचे चाहते राहिले, पण थोडे.

पुढे प्रश्न भाषेचा आला. मुंबईतून चाललेल्या इंडलिनक्स प्रकल्पाने लिनक्सच्या पडद्यावर भारतीय भाषा आणण्याचं काम हाती घेतलं. पवईच्या आयआयटीतला ‘फॉसी’ प्रकल्प आज महाविद्यालयांना महागड्या सॉफ्टवेअरऐवजी मुक्त पर्याय वापरायला शिकवतो.