मोटारीची झिलई

नवरात्र सरत आले की घरोघरी मोटार धुण्याची धांदल उडते. दसऱ्यास शस्त्रांबरोबर वाहनाचीही पूजा करावयाची, बॉनेटवर स्वस्तिक रेखाटावयाचे, पुढे झेंडूची माळ बांधावयाची, हा रिवाज आता आपल्या समाजात पुरता रुजला आहे. त्या निमित्ताने मोटारीस मेण लावून चकचकीत करण्याचे काम मात्र आपल्या वाट्यास कसे आले, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. त्याचे उत्तर एका शब्दात सांगता येते. तो शब्द म्हणजे ‘वाळणे’.

आरंभीच्या मोटारी रंगाच्या बाबतीत घोडागाड्यांच्याच वंशातील होत्या. जवसाच्या तेलाचे रोगण कुंचल्याने थरावर थर द्यावयाचे, प्रत्येक थर वाळला की घासावयाचा, मग पुढचा द्यावयाचा. असे तेल उडून जात नाही. हवेतील प्राणवायू शोषून ते सावकाश घट्ट होते. त्यामुळे एका मोटारीच्या रंगास दोन ते चार आठवडे लागत. 1913 साली हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यात सरकत्या साखळीवरील जुळणी सुरू झाली आणि पुढल्याच वर्षी मोटारीचा सांगाडा सुमारे दीड तासात उभा राहू लागला. फोर्डने आपली ‘टी’ मोटार 1914 ते 1925 पर्यंत केवळ काळ्या रंगात काढली व ते रोगण भट्टीत भाजून वाळविले. रंगीत मोटारी मात्र रोगण वाळण्याची वाट पाहत आठवडेच्या आठवडे छपराखाली खोळंबून राहत.

ही कोंडी 1923 साली फुटली. ड्यूपॉन्ट कंपनीचे ‘ड्यूको’ हे लॅकर जनरल मोटर्सच्या निळ्या ओकलंड मोटारींवर चढले. ते फवाऱ्याने मारता येई, आणि त्यातील द्रावक उडून गेले की तासाभराच्या हिशेबाने वाळे. ‘लॅकर’ हा शब्द आपल्या ‘लाक्षा’चाच प्रवासी वंशज आहे, फारसी, अरबी व पोर्तुगीज मुखांतून फिरून तो इंग्रजीत स्थिरावला. वस्तुतः ड्यूकोत लाखेचा संबंध नव्हता. ते बिनधुराच्या बंदुकीच्या दारूचे जातभाई होते. लाक्षागृहाची कथा जाणणाऱ्यांस ते भराभर पेट घेई हे ऐकून नवल वाटू नये.

परंतु ही घाई फुकट मिळाली नाही. रोगणाची खोल चकाकी लॅकरला नव्हती. घासल्यावाचून ते उजळत नसे आणि ऊनपावसात निस्तेज होई. कारागिराच्या हातची घासणी कारखान्याने वाचविली खरी. तिचा उरलेला भाग मालकाच्या अंगणात आला. अमेरिकेत ‘सिमोनाइझ’ या व्यापारी नावाचे मोटार चमकविण्याच्या अर्थी क्रियापदच होऊन बसले. या मेणांतील श्रेष्ठ ते कार्नोबा. ईशान्य ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांवर ते धरते. त्या कोरड्या उष्ण मुलखात पानातील ओल राखण्याची ही झाडाची योजना होय. पाने कापून वाळविली की ते झटकून काढता येते. मधमाशीचे मेण सुमारे 63 अंशांस वितळते, तर कार्नोबा 82 अंशांपुढे. उन्हात तापलेल्या पत्र्यावर ते टिकते ते याच गुणाने.

आता कृतीकडे वळू. एका दसऱ्यास आम्ही भर दुपारी मोटार धुऊन ती उन्हातच वाळू दिली. पाणी उडून गेले, त्यातील क्षार मागे राहिले आणि पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी उमटली. म्हणून मोटार सावलीत, पत्रा गार असताना धुवावी व लगेच टिपावी. पूर्वी यासाठी शॅमॉय नावाचे मऊ कातडे वापरीत. आता मायक्रोफायबरचे फडके मिळते, तेव्हा पूजेच्या वाहनास कातडे नको म्हणणाऱ्यांचीही अडचण उरलेली नाही. फडके रगडू नये. धूळकण राहिला असल्यास तोच ओरखडे काढतो. मग मेणाचा पातळ हात, एका वेळी एकाच भागावर. जाड थराने अधिक रक्षण होत नाही, केवळ पुसण्याचे श्रम वाढतात. मेणावर धूसर साय आली की ते वाळले असे समजावे आणि स्वच्छ फडक्याने उतरवावे.

1980 च्या दशकापासून रंगावर पारदर्शक थर देण्याची पद्धत सर्वत्र पसरली, पण तो थरही पातळच असतो व निगेवाचून मंदावतो. पूजेचे ओले हळदकुंकूही त्यावर दिवसेंदिवस ठेवू नये. दुसऱ्या दिवशी हलक्या हाताने धुऊन काढावे. त्यात भक्तीस उणेपणा येत नाही.

कायद्यात एक जुने तत्त्व आहे: जो लाभ घेतो त्याने भारही वाहिला पाहिजे. मोटार झटपट आणि स्वस्त मिळाली हा लाभ आपण घेतला. वाळण्याची वाट पाहणे हा त्याचा भार होय. तो वर्षातून एकदा नव्हे, दर दोन-चार महिन्यांनी वाहावा लागतो, एवढे ध्यानी ठेवले म्हणजे पुरे.