अनाहूत ई-मेल व कायदा

प्राप्तकर्त्याची संमती न घेता एकाच वेळी हजारो वा लाखो पत्त्यांवर पाठविलेल्या, बहुधा व्यापारी स्वरूपाच्या विद्युत् संदेशास अनाहूत ई-मेल किंवा रूढ भाषेत ‘स्पॅम’ म्हणतात. टपालाने येणाऱ्या जाहिरातीचा खर्च जाहिरातदार सोसतो. ई-मेलच्या बाबतीत मात्र पाठविणाऱ्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही. साठवणूक, छाननी व वेळ यांचा भार सेवा पुरविणाऱ्या कंपनीवर आणि प्राप्तकर्त्यावर पडतो. हा भार कोणी सोसावा व त्याबद्दल दाद कोणी मागावी, हाच या कायदेशीर लढ्यातील मूळ प्रश्न होय.

अशा संदेशाचे पहिले ज्ञात उदाहरण ३ मे १९७८ चे आहे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीने आपल्या नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण आर्पानेट या जाळ्यावरील सु. ४०० जणांना पाठविले. व्यवस्थापकांनी दिलेली समज तेव्हा पुरेशी ठरली. १९९० नंतर जाळे व्यापारास खुले झाल्यावर नुसत्या समजुतीने भागेना.

प्रारंभी या प्रकारासाठी स्वतंत्र कायदा नव्हता. म्हणून वकिलांनी इंग्लिश कायद्यातील एक जुने अपकृत्य, जंगम वस्तूवरील अतिक्रमण, उपयोगात आणले. ओहायओ राज्यातील कॉम्प्युसर्व्ह कंपनीने सायबर प्रमोशन्स या जाहिरात कंपनीविरुद्ध दावा लावला. मनाई कळवूनही ही कंपनी खोटे प्रेषक-पत्ते वापरून संदेश पाठवीतच राहिली होती. फेब्रुवारी १९९७ मध्ये संघीय जिल्हा न्यायालयाने प्राथमिक मनाईहुकूम दिला. संगणक जागचा हलला नाही की मोडला नाही, तरी त्याची साठवणक्षमता व प्रक्रियाशक्ती परक्याच्या कामी खर्ची पडली आणि ग्राहक नाराज झाले, एवढी हानी न्यायालयाने पुरेशी मानली. भाषणस्वातंत्र्याची सबबही टिकली नाही. संविधानाची पहिली दुरुस्ती शासनास बांधते. खाजगी कंपनीने आपली यंत्रणा कोणास वापरू द्यावी, हे ती सांगत नाही. अमेरिका ऑनलाइन कंपनीच्या प्रकरणात पेनसिल्व्हेनियातील न्यायालयाने १९९६ मध्ये असेच मत दिले होते.

या उपायाची मर्यादा इंटेल वि. हमीदी या खटल्यात (२००३) स्पष्ट झाली. यंत्रणेस हानी वा तिच्या कार्यात बिघाड झाल्याखेरीज केवळ मजकुराचा उपद्रव म्हणजे अतिक्रमण नव्हे, असे कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी ठरविले. सामान्य प्राप्तकर्त्यास अशी हानी सिद्ध करणे दुरापास्तच होते.

दरम्यान राज्यांनी कायदे केले. वॉशिंग्टनने १९९८ मध्ये फसव्या विषयाच्या व खोटा प्रेषणमार्ग दाखविणाऱ्या संदेशांवर बंदी घातली. ती आंतरराज्य व्यापारास बाधक असल्याचा आक्षेप त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये फेटाळला. कॅलिफोर्नियाने २००३ मध्ये पूर्वसंमतीचे तत्त्व स्वीकारून प्राप्तकर्त्यासही दाव्याचा अधिकार दिला. परंतु १ जानेवारी २००४ रोजी कॅन-स्पॅम हा संघीय अधिनियम अंमलात आला व राज्यांच्या कायद्यांचा फसवणुकीसंबंधीचा भाग तेवढा शिल्लक राहिला. या अधिनियमानुसार पूर्वसंमती आवश्यक नाही. नकार कळविल्यावर दहा कामकाजाच्या दिवसांत संदेश थांबविले म्हणजे झाले. दाद मागण्याचा अधिकार शासकीय यंत्रणा व सेवा पुरविणाऱ्या कंपन्या यांनाच आहे. ज्याच्या पेटीत कचरा पडतो त्यालाच न्यायालयाचे दार बंद, हा या अधिनियमाचा सर्वांत मोठा दोष मानावा लागेल. यूरोपीय संघाने २००२ च्या निदेशाने पूर्वसंमतीचाच मार्ग पत्करला होता.

फौजदारी उपायही निर्वेध ठरला नाही. व्हर्जिनियात २००४ मध्ये एका मोठ्या प्रेषकास दोषी ठरवून पुढे नऊ वर्षांची कैद देण्यात आली. तथापि निनावी राजकीय व धार्मिक संदेशही कायद्याच्या कक्षेत येत असल्याने तो घटनाबाह्य असल्याचा निर्णय त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिला.

भारतातही असेच घडले. माहिती तंत्रज्ञान अधिनियमात २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६६अ मध्ये त्रासदायक व उगमाविषयी दिशाभूल करणाऱ्या ई-मेलविरुद्ध तरतूद होती. प्रत्यक्षात हे कलम गाजले ते पालघर येथे २०१२ मध्ये फेसबुकवरील मजकुराबद्दल झालेल्या अटकेसारख्या प्रकरणांमुळे. श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते समूळ रद्द केले आणि ई-मेलविषयीचा खंडही त्याबरोबर गेला. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे २०१८ चे विनियम व्यापारी दूरध्वनी व लघुसंदेश यांपुरतेच आहेत.