'मानापमान' आणि कोल्हापूरचा कान

संगीत नाटक पहिल्या भेटीतच आवडलं, असं सांगणारे लोक थोडे. पहिला प्रयोग पाहून आलेला माणूस बहुधा एवढंच म्हणतो, 'गाणी छान होती, पण फार लांबलं.' ही तक्रार खोटी नाही. कथेला जरा वेग येतो तोच ऑर्गन वाजू लागतो, तबला मिळतो आणि कथा जागच्या जागी थांबते. पद संपलं की टाळ्या. टाळ्या संपल्या की 'वन्स मोअर', आणि पुन्हा तेच पद.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'मानापमान' माझ्याही बाबतीत पहिल्यांदा असंच कोमट गेलं. कोल्हापुरात पाहिलं होतं, तेही कुणीतरी तिकीट दिलं म्हणून. श्रीमंत घरातली भामिनी. तिच्यासाठी स्थळ येतं सेनापती धैर्यधराचं. माणूस शूर, पण खिसा रिकामा. ती त्याच्या गरिबीचा अपमान करते, पुढे वेष पालटून वनमाला होते आणि त्याच्याच प्रेमात पडते. बायको होणाऱ्या मुलीला हा सेनापती ओळखत कसा नाही, हा प्रश्न मला नाटकभर छळत होता. गाणी त्या प्रश्नाच्या मध्ये मध्ये येत होती, इतकंच.

त्यामागे आणखी एक कारण होतं. मौसिकी आमच्याकडे नव्हती असं नाही. कव्वाली होती, गझल होती, रेडिओवरची ठुमरी होती. नाट्यसंगीत मात्र 'त्यांचं', अशी एक न बोलता झालेली वाटणी होती. ही वाटणी कुणी केली, कधी केली, ते कुणी विचारत नव्हतं. अनेक मराठी मुस्लिम घरांत आजही ती तशीच आहे.

काही वर्षांनी 'मानापमान'ची पदं पुन्हा कानावर पडली तेव्हा गंमत झाली. चाली ओळखीच्या वाटू लागल्या. शब्द मराठी, पण एकाच शब्दाला तीन-चार अंगांनी वळवणं, कधी रुसवा तर कधी लाडीगोडी दाखवणं, हे सगळं ठुमरीच्या घरचं होतं. मग चाली कुणाच्या, याचा शोध सुरू झाला, आणि तो फिरून कोल्हापुरातच आला.

'मानापमान'चा पहिला प्रयोग किर्लोस्कर नाटक मंडळीने १२ मार्च १९११ रोजी मुंबईत केला. भामिनी होते बालगंधर्व. संगीत गोविंदराव टेंबे यांचं. टेंबे कोल्हापूरजवळच्या सांगवडे गावचे, १८८१ चा जन्म, हार्मोनियमवर असामान्य हात. त्यांच्या आधी मराठी नाटकात साकी, दिंडी, कामदा यांसारख्या रचनांचा भरणा असे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'त दोनशेच्या आसपास पदं होती. ती छोटी असत आणि संवादाचं काम करत. टेंब्यांनी हा साचा बदलला. पूरब अंगाची ठुमरी, कजरी, होरी यांच्या चाली त्यांनी मराठी पदांना दिल्या. बनारस आणि लखनौच्या मैफलींतून फिरणारं गाणं अशा रीतीने मराठी रंगमंचावर आलं आणि भामिनीच्या तोंडी बसलं.

ही भट्टी जमली याचं कारण कोल्हापूरची हवा. राजर्षी शाहू महाराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उस्ताद अल्लादिया खाँ यांना दरबारी गायक म्हणून इथे आणलं. जयपूर-अत्रौली घराण्याचं गाणं पुढे पाव शतकाहून अधिक काळ या गावात मुरलं. शाहू महाराजांचं १९२२ मध्ये निधन झालं आणि खाँसाहेब मुंबईला गेले, पण त्यांचे चिरंजीव भूर्जी खाँ कोल्हापुरातच राहिले. टेंबे तर खाँसाहेबांचे निस्सीम भक्त. त्यांनी पुढे खाँसाहेबांचं चरित्र मराठीत लिहिलं. राजस्थानातल्या उणियाऱ्यात जन्मलेल्या एका मुसलमान गवयाचं चरित्र कोल्हापूरच्या मराठी नाटकवाल्याने लिहावं, यात त्या काळी कुणाला नवल वाटलं नाही.

एकदा हा धागा हाती आला की तो सुटत नाही. 'स्वयंवर' नाटकाला १९१६ मध्ये चाली देणारे भास्करबुवा बखले हे फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ यांचे शागिर्द. 'ललितकलादर्श'च्या नाटकांना संगीत देणारे रामकृष्णबुवा वझे कोकणातून निघाले आणि ग्वाल्हेरला निसार हुसेन खाँ यांच्यापाशी शिकले. बालगंधर्वांच्या पदामागे तबला वाजत होता अहमदजान थिरकवा यांचा आणि सारंगी कादरबक्ष यांची. बालगंधर्वांच्या उतरत्या काळात त्यांच्या नाटकांत नायिका म्हणून उभ्या राहिल्या त्या गोहरबाई कर्नाटकी. मोगूबाई कुर्डीकर नाटक कंपनीत होत्या. सांगलीत त्यांचा रियाज अल्लादिया खाँनी जाता-येता ऐकला आणि स्वतःहून शिकवायला सुरुवात केली.

आणखी मागे गेलं तर किर्लोस्करांपाशी पोहोचतो. पुण्यात पारशी कंपनीचं 'इंद्रसभा' पाहून त्यांना मराठीत असं नाटक करण्याची ईर्ष्या वाटली आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजी 'शाकुंतल' रंगमंचावर आलं, असं सांगितलं जातं. 'इंद्रसभा' मूळ लिहिली लखनौच्या आगा हसन अमानत यांनी, उर्दूत. म्हणजे मराठी संगीत नाटकाच्या पहिल्या ठिणगीतही आपली भाषा आहे.

हे कळल्यावर नाटक पाहण्याची रीतच बदलते. पद म्हणजे कथेतला खोळंबा, असं वाटेनासं होतं. भामिनी संवादात गर्विष्ठ आहे, पण पदात ती हळूहळू विरघळते. कथा पुढे सरकते ती तिथे. वेष पालटलेली वनमाला धैर्यधराला ओळखू येत नाही, ही अडचणही मग टोचत नाही. आवाजातला बदल प्रेक्षकाने ऐकायचा असतो. 'वन्स मोअर'चाही अर्थ लागतो. मैफलीत आपण 'मुकर्रर' म्हणतो, शेर पुन्हा मागतो, तसंच हे. दुसऱ्या वेळी तेच पद गवई वेगळ्या जागेवरून उचलतो. पहिल्या प्रयोगाला कान शब्दांच्या मागे धावतो. त्या जागा दिसतात दुसऱ्या-तिसऱ्या प्रयोगाला.

कोल्हापूरने हे ऐकणं फार आधी आत्मसात केलं होतं. शाहू महाराजांनी खासबाग मैदानाच्या शेजारी पॅलेस थिएटर उभारलं, ते १९१५ मध्ये खुलं झालं. एका बाजूला कुस्ती, दुसऱ्या बाजूला नाटक. याच थिएटरला पुढे केशवराव भोसल्यांचं नाव मिळालं. केशवराव कोल्हापूरचे, ९ ऑगस्ट १८९० चा जन्म. गरीब घरातलं पोर. लहानपणीच नाटक कंपनीत गेले, 'शारदा' गाजवली आणि १९०८ मध्ये हुबळीला 'ललितकलादर्श' काढली.

'मानापमान'चा सर्वांत गाजलेला प्रयोग त्यांचाच. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी झाले. दोन प्रतिस्पर्धी कंपन्या टिळक स्वराज्य फंडासाठी एकत्र आल्या. तो काळ असहकार आणि खिलाफतीचा, हिंदू-मुसलमान एका व्यासपीठावर येत होते तो. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव गेले. वय अवघं ३१.

त्यांच्या नावाचं नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी त्यांची जयंती होती. गावकरी रस्त्यावर उभे राहून रडले. त्याआधी एक महिनाही झाला नव्हता, १४ जुलैला विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात मुसलमानांची घरं फोडली गेली होती, मशिदीची नासधूस झाली होती. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण एकाच जिल्ह्यात, एकाच पावसाळ्यात त्या घडल्या आणि दोन्हींत शाहूंचं कोल्हापूर होरपळलं. ज्या राजाने थिएटर बांधलं, त्यानेच १९०६ मध्ये मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग सुरू करायला बळ दिलं आणि अल्लादिया खाँना आपल्या गावी नांदवलं. त्याच्या लेखी ही कामं वेगवेगळ्या खात्यांतली नव्हती.

आज आम्हाला विचारलं जातं की तुमचं मराठीपण कुठे आहे. त्याला उत्तर म्हणून नेहमी संतांची नावं पुढे केली जातात: शेख महंमद, शहामुनी. ती बरोबरच आहेत. पण तेवढ्यावर थांबायचं कारण नाही. ज्या नाट्यसंगीताला मराठी मध्यमवर्ग आपल्या संस्कृतीचा कळस मानतो, त्याच्या तालात थिरकवा आहेत, तालमीत नत्थन खाँ आणि निसार हुसेन आहेत. तिथे आम्ही पाहुणे नाही. आणि ज्यांना हे संगीत जन्मापासून आपलं वाटतं, त्यांनीही कधीतरी तबल्यावर कोण बसलं होतं ते आठवून पाहावं.

नाट्यगृह होतं तसं पुन्हा उभारण्याचं काम हाती घेतलं गेलं. भिंती उभ्या राहतील, छप्पर चढेल. ऐकणारा कान मात्र सरकारी निधीतून येत नाही, तो पोरांना नाटकाला नेऊनच तयार होतो. ती पहिल्यांदा कंटाळतील. कंटाळू द्यावं. त्यांना घरी एखादी जुनी ठुमरी ऐकवावी आणि मग पुन्हा न्यावं.