झुबिझारेटा, आंदोनी

(२३ ऑक्टोबर १९६१ – ). निवृत्त स्पॅनिश गोलरक्षक. स्पेनकडून १२६ सामने, १९८६ ते १९९८ दरम्यानच्या चारही विश्वचषकांत सहभाग आणि स्पॅनिश लीगमध्ये तब्बल ६२२ सामने. जन्म बास्क प्रदेशातील व्हितोरियाचा, बालपण आरेचाबालेता या गावी.

बास्क खेळाडूंखेरीज कुणाला संघात न घेण्याचा बाणा जपणाऱ्या अॅथलेटिक बिल्बाओकडे तो आला. प्रशिक्षक हाविएर क्लेमेंते यांनी १९८१ मध्ये त्याला एकोणिसाव्या वर्षीच पहिल्या संघात उभे केले. १९८३ आणि १९८४ मध्ये बिल्बाओने सलग दोनदा लीग जिंकली. १९८४ चा राष्ट्रीय चषकही मिळवला. त्या अंतिम सामन्यात मॅराडोनाची बार्सिलोना १–० अशी हरली आणि शेवटची शिट्टी होताच मैदानात तुंबळ हाणामारी झाली. दोन वर्षांनी झुबिझारेटा त्याच बार्सिलोनाच्या गोलपोस्टमध्ये होता.

उगाच झेपावण्यापेक्षा योग्य जागी आधीच उभे राहण्यावर त्याचा भर असे. म्हणूनच त्याच्या बचावांची छायाचित्रे फारशी नेत्रदीपक नाहीत. प्रशिक्षक युहान क्रॉयफ यांच्या हाताखाली बार्सिलोनाने १९९१ ते १९९४ अशी सलग चार वर्षे लीग जिंकली. २० मे १९९२ रोजी वेम्बलीवर साम्पदोरियाला नमवून क्लबने पहिला युरोपियन कप पटकावला. विजयी गोल सहकारी कूमनचा लक्षात राहतो, पण तोवर साम्पदोरियाच्या व्हियालीला रोखून सामना ०–० ठेवणारा झुबिझारेटा होता.

त्याच वर्षी नियम बदलला. सहकाऱ्याने पायाने मुद्दाम मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घ्यायचा नाही, असे ठरले. आता गोलरक्षकाचे पायही चालायला हवे होते आणि ती त्याची जमेची बाजू नव्हती. १८ मे १९९४ रोजी अथेन्समध्ये मिलानने युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात बार्सिलोनाचा ४–० असा धुव्वा उडवला. मिलानच्या साविचेविचने तर झुबिझारेटाच्या डोक्यावरून चेंडू अलगद जाळ्यात टाकला. क्लबने लगेच त्याला निरोप दिला. त्याची जागा घेतली पायाने सफाईदार खेळणाऱ्या कार्लेस बुस्केट्सने, म्हणजे पुढे गाजलेल्या सर्जिओच्या वडिलांनी. झुबिझारेटा व्हॅलेन्सियाला गेला आणि तिथे आणखी चार हंगाम खेळला.

राष्ट्रीय संघात तो आला जानेवारी १९८५ मध्ये, फिनलंडविरुद्ध मध्यंतरानंतर लुईस आर्कोनादाच्या जागी. नोव्हेंबर १९९३ मध्ये डेन्मार्कविरुद्धच्या निर्णायक पात्रता सामन्यात मिखाएल लाउड्रूपला पाडल्याबद्दल दहाव्याच मिनिटाला त्याला लाल कार्ड मिळाले. बदली आलेल्या सांतियागो कान्यिझारेसचा तो पहिलाच आंतरराष्ट्रीय सामना. स्पेन दहा जणांनिशी १–० जिंकला.

१९९८ च्या विश्वचषकात नान्त इथे नायजेरियाच्या लवालचा साधा क्रॉस त्याच्या हाताला लागून जाळ्यात गेला. स्वयंगोल त्याच्या नावावर लागला, स्पेन २–३ हरला आणि गटातच गारद झाला. बल्गेरियावरचा ६–१ विजय हा त्याचा अखेरचा सामना ठरला. नायजेरियाविरुद्धच्या या एका चुकीवरून छत्तीस वर्षांच्या गोलरक्षकाचे मोजमाप करणे अन्यायाचे आहे. स्पेन तेव्हा मोठ्या स्पर्धांत उपांत्यपूर्व फेरीच्या पुढे जात नसे, आणि त्याचे खापर एकट्या गोलरक्षकावर फोडता येत नाही.

२०१० ते जानेवारी २०१५ तो बार्सिलोनाचा क्रीडा संचालक होता. २०१४ मध्ये त्याच्या कारकिर्दीत आलेल्या खेळाडूंत लुईस सुआरेस होता आणि पायांसाठीच नावाजलेला गोलरक्षक टेर स्टेगनही. त्याला हटवल्यानंतर काही महिन्यांतच त्या संघाने लीग, राष्ट्रीय चषक आणि चॅम्पियन्स लीग अशी तिन्ही विजेतेपदे जिंकली. स्पेनकडून १२६ सामन्यांचा त्याचा विक्रम गोलरक्षक इकेर कासियासने नोव्हेंबर २०११ मध्ये मोडला. लीगमधील ६२२ सामन्यांची बरोबरी व्हायला मात्र २०२३ उजाडले. ती केली बेतिसच्या होआकीनने.