शिपायाच्या घरांतील पाटी

पलटण म्हणतांच डोळ्यांपुढें बंदूक उभी राहते. पाटी आठवत नाहीं. परंतु मुंबई लष्करांतील महार शिपायांच्या मुलामुलींना पहिली अक्षरओळख पलटणीच्या शाळेनें करून दिली. सुभेदार रामजी सकपाळ अशाच एका शाळेचे मुख्याध्यापक होते. १८९२ च्या सुमारास महारांची भरती थांबली, आणि नव्या पिढीस पगार, पेन्शन व शाळा हीं तिन्ही दारें मिटलीं. निवृत्त सैनिक गोपाळबुवा वलंगकर यांनीं १८९४ मध्यें, तर शिवराम जानबा कांबळे यांनीं १९१० मध्यें, भरतीसाठीं अर्ज केले. पहिल्या महायुद्धांत उभारलेली महार पलटण युद्धानंतर मोडली. महार रेजिमेंट १९४१ सालीं उभी राहिली. रामजींचे पुत्र भीमराव पुढें घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. मधल्या काळांत किती घरांतल्या पाट्या कोऱ्या राहिल्या असतील, याचा अदमास आपणच करावा.