काळा पाऊस

६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता हिरोशिमावर अणुबाँब पडला, त्यानंतर अर्ध्या तासाच्या आतबाहेर शहरात व वायव्येकडील गावांत पडू लागलेला किरणोत्सारी पाऊस. जळत्या शहराची काजळी, स्फोटाने उडालेली धूळ आणि विखंडनातून निर्माण झालेली द्रव्ये वर चढणाऱ्या तप्त हवेबरोबर उंच गेली. तिथे बाष्पाचे पाणी होऊन तीच थेंबांतून खाली आली. काळा रंग काजळीचा. खरा धोका डोळ्यांना दिसणारा नव्हताच. होरपळलेल्या, तहानलेल्या माणसांनी हे पाणी तोंड उघडून प्यायले. हिरोशिमाच्या शांतता स्मारक संग्रहालयात एका घराच्या पांढऱ्या भिंतीचा तुकडा ठेवला आहे. तिच्यावरून ओघळलेल्या काळ्या रेघा अजून स्पष्ट दिसतात.

पाऊस नेमका कुठवर पडला, हा वाद दीर्घकाळ चालला. सरकारने १९७६ मध्ये सुमारे १९ किमी लांब व ११ किमी रुंद पट्टाच मदतीस पात्र ठरवला. त्याबाहेरच्या ८४ फिर्यादींना हिरोशिमा उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अणुबाँबपीडित म्हणून मान्यता दिली. एवढ्या उशिराच्या न्यायाला न्याय म्हणावे का, हा प्रश्नच आहे.

मासुजी इबुसे यांच्या ‘कुरोई आमे’ (‘काळा पाऊस’, १९६५-६६) या कादंबरीत या पावसात भिजलेल्या यासुकोचे लग्न अफवांमुळे जमत नाही. तिची प्रकृती ठीक आहे हे वरपक्षाला पटवण्यासाठी मामा रोजनिश्यांची नक्कल करू लागतो. कादंबरीला खऱ्या रोजनिश्यांचा आधार आहे. शोहेइ इमामुरा यांनी १९८९ मध्ये तिच्यावर कृष्णधवल चित्रपट काढला.